थॉर्नबी बंगल्याची मागची पायरी

रविवार, १२ जानेवारी २०२५

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, कोसमटोल्याच्या थॉर्नबी बंगल्याच्या फाटकाशी माझी चोरी झाली. पर्स जागेवर आहे, गळ्यातली साखळीही. चोरी झाली ती अकरा वाक्यांची.

कॉन्व्हेंट शाळेतल्या आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, सहलीला म्हणून गेलो होतो. बंगल्याचं आता रिसॉर्ट झालं आहे. फाटकात पितळी चौकटीचा इंग्रजी फलक लावलाय, 'या वास्तूचा इतिहास'. दुसऱ्याच ओळीला माझ्या कानात घंटा वाजली. वाक्यं माझी. स्वल्पविरामसुद्धा माझे. १९९९ साली मी लिहिलेल्या हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तिकेतून उचललेली, आणि खाली माझं नाव नाही.

मॅनेजरला बोलावलं. भूपेश नावाचा तरुण, कोटाच्या खिशात रुमाल.

"हे कुणी लिहिलं?"

"आमच्या कंटेंट टीमने, मॅडम."

"१९९९ साली तुमच्या कंटेंट टीमला दात आले होते का?"

"मॅडम, आधी चहा घ्या ना. लेमनग्रासचा आहे."

"गवत गाईला घाला. मला उत्तर द्या."

त्याने चहाच मागवला. आता पत्र लिहीन. तेहतीस वर्षं जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात काढली आहेत. कुणाला कसं लिहिलं की खुर्ची टोचते, ते मला कळतं.

मंगळवार, १४ जानेवारी

पत्र झालं. चार पानं. माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी गोकुळा तिळाच्या वड्या थापत होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई, एवढं तं लगनाच्या भांडणातबी कोनी बोलत नाई." म्हणजे चांगलं झालंय.

बंगल्याचा इतिहास माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही, हे पत्रात सिद्ध केलं आहे. एडविन थॉर्नबी हा लाकडाचा ठेकेदार. रेल्वेला सागाचे स्लीपर पुरवून पैसा केला आणि १८९१ साली तलावाच्या काठी घर बांधलं, इंग्लंडातल्या आपल्या वडिलांच्या घराची नक्कल. उतरती टोकदार छपरं, कशासाठी, तर बर्फ घसरून पडावा म्हणून. चार खोल्यांत शेकोट्या, वर चार धुराडी. चंद्रपूर जिल्ह्यात! मे महिन्यात इथे कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. त्या धुराड्यांत आजवर घुबडांखेरीज कुणी संसार केलेला नाही.

१९१९ साली थॉर्नबी तापाने गेला. बायको एडिथ विलायतेला परतली, धाडलेल्या पत्रांच्या तिने स्वतःच्या हाताने करून ठेवलेल्या नकलांची पत्र्याची पेटी मात्र माळ्यावर राहिली. मग एका जमीनदाराने शिकारीसाठी बंगला घेतला आणि दिवाणखान्यात घोडा बांधला. १९५१ला तो शेवटचे मालक धनराजबाबू यांच्या वडिलांकडे आला. तेही लाकूडवालेच. धनराजबाबू गेल्यावर मुलांनी कंपनीला विकला.

पेटीतली पत्रं वाचता येणारी या दोन जिल्ह्यांत मी एकटी. १९९८ साली धनराजबाबू स्वतः कचेरीत आले होते. "मिस पद्मावार, एवढं करा आमच्यासाठी." वर्षभर रविवारी मी त्या व्हरांड्यात बसून एडिथची किरटी अक्षरं सोडवली. कचेरीत मी 'ओ मॅडम' होते. तिथे काचेसारख्या पातळ कपातून चहा यायचा आणि मी मिस पद्मावार असायची.

पुस्तिका इंग्रजीत लिहिली. त्या घराचा इतिहास दुसऱ्या कोणत्या भाषेत लिहिणार होते?

रविवार, १९ जानेवारी

भूपेशचा फोन. पत्र लागलेलं दिसतं, आवाजात लोणी होतं. फलकावर माझं नाव येणार, 'संशोधक: नीलिमा पद्मावार', तेही पितळेत. शिवाय दर शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांना बंगल्याची गोष्ट सांगायला गाडी पाठवणार.

"आणि मॅडम, एक छोटंसं काम. आमच्या वकिलांना तुमचं शपथपत्र हवंय. पुस्तिका तुमची आहे आणि तिच्यातली माहिती खरी आहे, एवढंच. विशेषतः पान चौदा."

"पान चौदाच का?"

"तिथले मासेमारी करणारे लोक तलावावर सामूहिक वनहक्काचा दावा करून बसलेत. दहा फेब्रुवारीला चिमूरला समितीपुढे सुनावणी आहे. रूटीन आहे हो, मॅडम."

मी हो म्हणाले. आपल्या लेखनाला कुणी पुरावा म्हणतंय, यापेक्षा निवृत्त बाईला काय हवं?

गोकुळा पोळ्या लाटत ऐकत होती. "मंग पाहा ना बाई, पान चौदावर काय हाय ते."

"मला पाठ आहे."

"पाठ हाय तं तोंड काऊन असं झालं?"

तिला पोळी करपतेय म्हणून ओरडले. करपत नव्हती.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी दोघं चंद्रपूरला माझ्या घरी आली. रुपाली, पंचविशी-तिशीची, कोसमटोल्याच्या ग्रामसभेची सचिव, बी.ए. झालेली. आणि शालिकराम, त्यांच्या मच्छीमार संस्थेचा म्हातारा अध्यक्ष. बसायला सांगितलं तरी शालिकराम खुर्चीच्या कडेलाच टेकला.

रुपालीने पिशवीतून पिवळं फडकं काढलं. आत माझी पुस्तिका. पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचे थर, वर्षानुवर्षांचे.

"भागीरथाआजीची हाय," ती म्हणाली. "मी तिची नात. आजी सांगे, आपला कागद बाईच्या पुस्तकात हाय, जपून ठेवजो. मरेपर्यंत देवाजवळ ठेवलं तिनं. आत तिचा फोटोबी हाय ना, टोपली घेऊन, पायरीवर. म्हणून आम्हीच दाव्याले जोडलं हे पुस्तक."

"तुम्ही जोडलंत?"

"आम्हीच. मागच्या तारखेले कंपनीच्या वकिलानं त्याच्यातलंच पान चौदा वाचून दाखवलं, इंग्रजीत. वाचता वाचता हासून राह्यला होता. आमाले समजलं, काहीतरी बिघडलं."

"तू वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं, बाई. पण मले वाटलं, मीच चुकीचं समजून राह्यली. इंग्रजी कच्चं हाय माझं. आजी खोटं कशी बोलन?"

शालिकराम म्हणाला, "तुम्हीच सांगा आता मराठीत. लिवलं तुम्ही हाय."

मी चष्मा शोधू लागले.

"गळ्यात हाय, बाई," शालिकराम म्हणाला.

वाचलं. 'दरवर्षी दिवाळीनंतर पहिलं जाळं पडलं की पहिल्या मासळीची टोपली गावकरी बंगल्याच्या मागच्या पायरीवर आणून ठेवतात. ज्या साहेबाने त्यांना आपल्या तलावाकाठी आसरा दिला, त्याला कृतज्ञतेने दिलेला हा नजराणा शंभर वर्षं उलटली तरी चालू आहे.'

पुस्तिका मिटून मी रुपालीसमोर ठेवली.

"आजीनं हेच सांगितलं होतं का तुमाले?" रुपालीने विचारलं.

"सव्वीस वर्षं झाली," मी म्हणाले. "मला आठवत नाही."

पुस्तिका फडक्यात गुंडाळताना तिने कोपरे पूर्वीसारखे नीट दुमडले नाहीत.

गुरुवार, २३ जानेवारी

आठवतं. शब्दन् शब्द आठवतो.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले नाही. माळ्यावरची ट्रंक गोकुळाकडून उतरवून घेतली. १९९८ची वही सापडली. कागद टाकायची मला सवय नाही. आता वाटतं, असती तर बरं झालं असतं.

वहीत ८ नोव्हेंबर १९९८, रविवार, अशी नोंद आहे. भागीरथा तेव्हा साठीची असेल. व्हरांड्यात माझा चहा यायचा होता. ती मागच्या बाजूने आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही बंगल्याचं लिहून राह्यल्या म्हणते, मंग हेबी लिवा." माझं मनगट धरून मला मागे नेलं. मनगट धरलेलं मला आवडलं नव्हतं, तेही वहीत आहे. सगळ्यांत खालची पायरी तिने हाताने पुसली.

तिचे शब्द मी तेव्हा जसेच्या तसे उतरवले होते:

"इथी आमची माय दबून हाय. मायचा गोटा, आमच्या देवीचा. बंगल्याच्या आधी इथी आमचे सतरा घरं होते, तलाव आमच्या बुढ्यांनी खोदला. साहेबाच्या बाईले वाळत्या मासोयाचा वास सहन होये नाई, म्हून घरं उठवले, त्या बाजूले फेकले. मायवर पायरी बांधली. बुढे रडले तं साहेब म्हणे, मासोया तुमच्याच, कोनी अडवणार नाई. मंग आम्ही पहिली टोपली मायले आणून देतो. साहेबाले कायले देऊ? साहेब मेला, जमीनदार मेला. माय थोडीच मरते!"

शेवटी तिने विचारलं होतं, "लिवलं का, बाई?"

मी वही तिला दाखवली. तिला अक्षरओळख नव्हती. "लिहिलं," मी म्हणाले.

आणि लिहिलंही होतं! पहिल्या मसुद्यात हे सारं होतं. धनराजबाबूंना ते रुचलं नसणार. बंगला त्यांचा, पुस्तिका त्यांच्या पाहुण्यांसाठी. त्यांनीच काढायला लावलं. मी काय करणार होते? शिवाय तोंडी गोष्ट, तिला कागद कुठे होता? कागदाशिवाय मी एक ओळ लिहीत नसे, हे सगळा जिल्हा जाणतो.

मंगळवार, २८ जानेवारी

पहिला मसुदा ट्रंकेच्या तळाशी होता. पान चौदा. भागीरथाचा सगळा मजकूर त्यात आहे, इंग्रजी करून, नेटका. त्यावर लाल पेन्सिलीची तिरपी रेघ. समासात माझ्या अक्षरात शेरा: 'सूर बिघडतो.' वर माझ्याच अक्षरात 'नजराणा' आणि 'कृतज्ञता'. खाली तारीख, ४ जुलै १९९९.

धनराजबाबूंना मसुदा पाठवल्याच्या पत्राची कार्बन प्रत त्यालाच टाचलेली आहे. तिची तारीख १६ ऑगस्ट.

त्यांनी ते पान पाहिलंच नव्हतं. मेलेल्या माणसावर मी इतकी वर्षं दोष ढकलत आले. कुणीही मला काही काढायला सांगितलं नाही.

आणि कागद? वहीच्या मागच्या पानांवर एडिथच्या पत्रांच्या मी केलेल्या नकला आहेत. ९ फेब्रुवारी १८९२, बहिणीला लिहिलेलं: 'अखेर तो दुर्गंध गेला. सतरा झोपड्या पलीकडच्या काठाला हलवल्या. लोक फार विव्हळत होते. शेवटी एडविनने सांगितलं की तलावातली मासळी कायम त्यांचीच राहील, तेव्हा गप्प झाले. स्वयंपाकघराच्या पायऱ्या सुंदर झाल्या आहेत. तिथला काळा दगड कुणाला उपटू देईनात, म्हणून त्याच्यावरूनच बांधून घेतल्या.'

कागद होता. मीच तो सोडवला होता, भिंगाखाली धरून, आणि तारखेसकट उतरवून ठेवला होता.

मग का? आज दिवसभर हेच. घर इतकं देखणं दिसत होतं मला. तलावात त्याची सावली पडायची, चारही धुराडी उलटी. त्या घराची इतिहासकार व्हायचं होतं. सतरा घरांचं लिहिलं असतं तर ते घर तसं उरलं नसतं आणि मी परत 'ओ मॅडम' झाले असते. एवढंच. याहून मोठं काही कारण सापडावं म्हणून दोन तास शोधलं.

शाळेत शुक्रवारी ख्रिश्चन मुली कन्फेशनला, फादरपुढे पापं कबूल करायला, जायच्या. आम्हा हिंदू मुलींना बाहेर बाकावर बसवत. त्या मुली बाहेर यायच्या तेव्हा हलक्या दिसायच्या, उड्या मारत जायच्या. मला फार हेवा वाटे. आज गोकुळाला सगळं सांगून पाहिलं. ती भाजी निवडत ऐकत राहिली.

"मले कायले सांगता, बाई? माझी माय नाई तिथी गाडली."

गुरुवार, ३० जानेवारी

चिमूरपर्यंत एस.टी., पुढे ऑटो. कोसमटोल्याच्या समाजमंदिरात चाळीसएक माणसं जमली होती. वही, मसुदा, कार्बन प्रत, सगळं समोर ठेवलं आणि सांगितलं. उभं राहून. मराठीत.

मग वच्छला नावाची एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे भागीरथा वीस-पंचवीस वर्सं खोट्या पुस्तकाले हळद लावत होती?"

"हो," मी म्हणाले.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

शालिकराम जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई शिकलेल्या हायेत ना. त्याईचं खोटंबी आपल्या खऱ्यापेक्षा चांगलं लिवलं राहते."

दोघंतिघं हसले. मीही हसायला गेले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही म्हणून थांबले.

समितीला द्यायचं निवेदन लिहून नेलं होतं. दावेदार नसलेल्या वयस्क माणसाने लिहून दिलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं, हे नियमात आहे. वाचून दाखवू लागले. 'देवीची प्राचीन मूर्ती' म्हटलं तशी वच्छलाने अडवलं. "मूर्ती नोहे. गोटा. मूर्ती कोनी पाह्यली?" गोटा केलं. 'निष्पाप, भोळे गावकरी' आलं तर मागून कुणीतरी ओरडलं, "भोळे असतो तं दावा कसा केला असता?" तेही खोडलं. माझ्या लिखाणावर कुणी रेघ ओढलेली मला आजवर चालली नाही. आज पेन्सिल मीच धरली होती आणि ते सांगतील तिथे रेघ ओढत होते.

शेवटच्या पानावर माझ्या अपराधाविषयी लिहिलं होतं. मनाला किती लागलं आहे, वगैरे. चांगलं उतरलं होतं.

रुपालीने कागद माझ्या हातातून घेतला. "बाई, हे पान काढा."

"का?"

"समितीले याचा काय उपयोग? तुमचं रडणं कमी करा, मायचं वाढवा. पायरी किती लांब, किती रुंद, कोनत्या बाजूले, ते लिवा. तुमचा पस्तावा तुमच्यापाशी ठेवा. आमाले ठेवाले जागा नाई."

पान फाडलं. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. चहा आला, गूळ घातलेला, स्टीलच्या पेल्यात. संपवला.

निघताना रुपालीला विचारलं, आजी कधी गेली. "दोन हजार एकोणीस." आजारपणात तिने काही म्हटलं होतं का, हेही विचारलं. उगाच विचारलं.

"म्हणे, तलावाचं काही झालं तं चंद्रपूरच्या बाईकडं जाजो. ते आपली हाय."

रविवार, २ फेब्रुवारी

भूपेशला फोन केला. त्याने पाठवलेल्या शपथपत्रावर सही करणार नाही म्हणून सांगितलं. मग विचारलं, पत्र्याची पेटी कुठे आहे?

"रिसेप्शनला, मॅडम. काचेच्या कपाटात. पाहुणे फोटो काढतात."

"आत पत्रं आहेत?"

"आहेत ना. फार सुंदर अक्षर आहे. वाचता कुणालाच येत नाही."

मी ९ फेब्रुवारी १८९२चं पत्र वाचून दाखवलं, सावकाश. मग म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला फोन करतो."

संध्याकाळी आला फोन. आवाजात लोणी नव्हतं. "वकील म्हणतात, पेटी आता काढून ठेवायची. मॅडम, मी नोकर माणूस आहे. तुमच्या नावाची प्लेटसुद्धा तयार होऊन आली होती."

माझ्या हातातली नक्कल ही माझ्याच अक्षरातली आहे. जिने एकदा खोटं छापलं, तिच्या अक्षरावर समितीने विश्वास का ठेवावा? वकील हेच विचारणार. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. एडिथच्या हातचा कागद पुढे आला नाही, तर दहा तारखेला भागीरथाच्या बाजूने फक्त मी उभी असेन.

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवेदन चिमूरला स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. कंपनीला हे पत्र रजिस्टरने पाठवलं. चार पानं नव्हती. नक्कल इथे उतरवून ठेवते.

'व्यवस्थापक, थॉर्नबी बंगला, कोसमटोला यांस,

१. आपण पाठवलेलं शपथपत्र सहीविना परत करत आहे. माझ्या पुस्तिकेतलं पान चौदा खोटं आहे. ते मी जाणूनबुजून लिहिलं. मला तसं कुणीही सांगितलं नव्हतं.

२. आपल्या फलकावरची अकरा वाक्यं माझीच आहेत. ती काढून टाका. माझं नाव घालू नका.

३. आपल्या ताब्यातल्या पत्र्याच्या पेटीत एडिथ थॉर्नबीचं ९ फेब्रुवारी १८९२चं पत्र आहे. त्यात सतरा घरं हलवल्याचा, मासळीबद्दल दिलेल्या शब्दाचा आणि पायरीखालच्या काळ्या दगडाचा उल्लेख आहे. पेटी कालपर्यंत पाहुण्यांसाठी उघडी होती आणि आपण मला फोनवर तसं सांगितलं आहे. ही गोष्ट मी समितीलाही लिहून दिली आहे.

४. एडिथच्या हातचा तो कागद आपण १० फेब्रुवारीला समितीपुढे हजर करणार आहात की नाही?

या एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं. ते मराठीत असावं. माझ्या नावे पाठवू नये, ग्रामसभा, कोसमटोला, या नावे पाठवावं. शुक्रवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी.'